डिंगबोचे ते लोबुचे

पहाटे साडेतीन

शेजारच्या पलंगावरचा श्वास थांबतो. आधी दोन-तीन खोल श्वास, मग उथळ, मग आणखी उथळ, आणि मग काहीच ऐकू येत नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून मी मनात आकडे मोजते. सात, आठ, नऊ. नवरा एकदम मोठा श्वास ओढून घेतो, कूस बदलतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं.

उंचीवर झोपेत असं बहुतेकांना होतं. हवा विरळ म्हणून शरीर भराभर श्वास घेतं, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि तो घटला की श्वास घ्यायचा निरोपच काही सेकंद सुटत नाही. मग ऑक्सिजन खाली जातो आणि शरीर खडबडून श्वास घेतं. निघण्यापूर्वी पुण्यात आमच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून हे समजावलं होतं. तरी एव्हरेस्ट बेस कँपच्या या वाटेवर नामचे बाजारला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला उठवून बसवलं. आता उठवत नाही. मोजते, आणि श्वास परतला की डोळे मिटते.

प्लायवुडच्या भिंतीपलीकडे कुणीतरी खोकतंय. थंड कोरड्या हवेने इथे सगळ्यांचाच घसा सोलवटतो. कुठल्याही लॉजमध्ये रात्रभर दोन-चार खोल्यांतून तरी खोकल्याचा आवाज येतोच.

सव्वापाच

इथे दिवस स्लीपिंग बॅगच्या आतच सुरू होतो. रात्री आत घेतलेल्या वस्तू एकेक करून बाहेर काढायच्या: फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, उद्याचे मोजे, पाण्याची बाटली. बॅटरी बाहेर राहिली तर थंडीने उतरते आणि बाटली बाहेर राहिली तर गोठते. काल रात्री उकळतं पाणी भरून पायाशी ठेवलेली बाटली आता कोमट आहे, तेच प्यायचं. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाचा पातळ थर जमलाय. आमच्याच श्वासांचा.

कामांची वाटणी, चालायला सुरुवात केली त्या लुक्लापासून ठरलेली आहे. दोन्ही स्लीपिंग बॅगा पिशवीत कोंबायचं काम त्याचं, कारण उंचीच्या त्रासासाठी घेतलेल्या डायमॉक्स गोळ्यांनी माझ्या बोटांना मुंग्या येतात. औषधं, पाणी आणि पैसे माझ्याकडे. बुटाची नाडी मात्र ज्याची त्याने बांधायची. घरी ज्याला अर्धं मिनिट लागतं त्या कामाला इथे वेळ लागतो. एका पायाची नाडी बांधायची, ताठ बसून श्वास घ्यायचा, मग दुसऱ्या पायाकडे वळायचं. डिंगबोचे ४४१० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. नेहमी सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे आकडे पाठ असतात, पण त्यांचा अर्थ पहाटे बूट चढवताना कळतो.

सहा

डायनिंग हॉलमध्ये गाईड वही उघडून बसलाय. शाळेतल्या मुलांची असते तशी साधी रेघी वही. त्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी आमची नोंद होते. आधी बोटाला ऑक्सिमीटर. माझा आकडा ८६, नवऱ्याचा ८३. पुण्यात हे आकडे दिसले असते तर घरच्यांनी तडक हॉस्पिटल गाठलं असतं. इथे ते अपेक्षित आहेत. गाईड तो आकडा लिहितो पण त्यावर फार थांबत नाही. त्याचा भर प्रश्नांवर असतो. डोकं दुखतंय? मळमळ? चक्कर? भूक लागली? थकवा कालच्यापेक्षा जास्त की कमी? लेक लुईस नावाची गुण देण्याची जी पद्धत जगभर गिर्यारोहणात वापरतात, तिचंच हे हिंदीतलं सोपं रूप.

पहिल्या दिवसापासून त्याचा एक नियम आहे. प्रश्न ज्याला विचारला त्यानेच उत्तर द्यायचं. नवरा-बायको एकमेकांच्या वतीने बोलतात, हे त्याला इतक्या वर्षांच्या कामातून ठाऊक आहे. ‘त्याला काही होत नाही, त्याला सवय आहे’ असं बायको सांगते. ‘ती जरा थकलीय, बाकी ठीक आहे’ असं नवरा सांगतो. संसारात आपण हे सतत करतो आणि त्यात प्रेमच असतं. पण उंचीचा आजार सुरुवातीला फक्त ज्याचा त्याला कळतो. डोक्याच्या मागे एक ठणका, पोटात जरासं ढवळणं. शेजारी चालणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा पाय लटपटत असतात आणि उशीर झालेला असतो.

म्हणून मी माझं सांगते: डोकं नाही, भूक आहे, रात्रीत तीनदा उठले. नवरा त्याचं सांगतो: डोकं नाही, भूक कमी, झोप तुटक. गाईड लिहितो आणि म्हणतो, “ठीक है दाइ, ठीक है दिदी. आज बिस्तारै.” बिस्तारै म्हणजे सावकाश.

साडेसहा

नाश्त्याला त्साम्पाची लापशी, उकडलेली अंडी आणि दोन वाट्या लसणाचं सूप. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, त्यामुळे मराठी जिभेला ते परकं वाटत नाही. नवऱ्याला खायची इच्छा नाही. तरी तो खातो, चमच्यागणिक. उंचीवर भूक मरते आणि खाणं थांबलं की चालणं थांबतं, त्यामुळे इथे जेवण हे कामच आहे.

लॉजचा हिशेब चुकता करायचा. खोलीचं भाडं अगदी थोडं, अट एवढीच की दोन्ही वेळचं खाणं त्याच लॉजमध्ये घ्यायचं. फोन चार्ज करायला वेगळे पैसे, वाय-फायच्या कार्डाला वेगळे, गरम पाण्याला वेगळे. प्रत्येक मुक्कामागणिक दर चढतात आणि मला त्यात गैर वाटत नाही. तांदळाचा, गॅसचा, अंड्यांचा प्रत्येक नग कुणाच्या तरी पाठीवरून किंवा याकच्या पाठीवरून इथवर येतो.

आमचा पोर्टर तोवर दोन्ही बॅगा एकत्र बांधून निघालाय. सोलुखुंबूच्या खालच्या भागातला राई समाजाचा मुलगा, बोलायला कमी. कपाळावर नामलो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, आणि पायात आम्ही नामचेला घेऊन दिलेले बूट.

सव्वासात

गावामागच्या टेकाडावर चढायला लागतो. डिंगबोचेची शेतं खाली दिसतात. बटाटा आणि जव काढून झालेली वाफ्यांची मोकळी जमीन, भोवती रचलेल्या दगडांचे गडगे. गडग्यांवर याकच्या शेणाच्या गोवऱ्या थापून वाळत घातल्यात, बोटांचे ठसे उमटलेल्या. सगरमाथा राष्ट्रीय उद्यान १९७६ साली झालं, १९७९ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. या उंचीवर झाड नाहीच, आणि खालच्या जंगलातलं लाकूड तोडून आणण्यावर बंदी. त्यामुळे संध्याकाळी लॉजमध्ये जी ऊब मिळते ती या गोवऱ्यांची.

टेकाडावर चोर्तेन, म्हणजे छोटा स्तूप, आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका. चोर्तेन उजव्या हाताला ठेवून आम्ही पुढे होतो. मागे वळलं की आमा दब्लम अंगावर आल्यासारखा उभा. ६८१२ मीटर, आणि त्याच्या खांद्यावरची बर्फाची लटकती गाठ इतकी स्पष्ट दिसते की तिच्यातल्या भेगा मोजाव्यात. एव्हरेस्ट मात्र आज दिवसभर दिसणार नाही. ल्होत्से आणि नुप्त्सेच्या भिंतीमागे तो झाकलेला आहे. ज्याच्या नावाने लोक इथे येतात तो डोंगर वाटेवर बराच काळ डोळ्यांआड असतो, आणि तो नसतानाही पाहायला इतकं काही आहे याचा मला रोज नव्याने आनंद होतो.

चालण्याचा क्रमही ठरलेला आहे. सावकाश चालणारी पुढे, तिच्यामागे नवरा, शेवटी गाईड. सिंहगडावर हा नेहमी माझ्या बराच पुढे असतो, देवटाक्यापाशी बसून वाट बघतो आणि मी पोचले की लगेच उठतो. म्हणजे विश्रांती त्याची होते, माझी नाही. लग्नाची बरीच वर्षं आम्ही असेच चढलो. इथे पहिल्याच दिवशी गाईडने मला पुढे काढलं. त्याचं कारण असं की मागचा माणूस पुढच्याचा वेग मोडू शकत नाही, आणि या हवेत वेगाने चालणाऱ्यालाच आधी त्रास होतो. तगडे, व्यायाम केलेले लोक इथून खाली उतरवावे लागतात आणि धापा टाकत, थांबत-थांबत जाणारी मंडळी पोचतात, हे इथल्या कुठल्याही लॉजमालकाला विचारा. शरीराची ताकद आणि विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवऱ्याला सुरुवातीला हे जड गेलं. माझ्या टाचांकडे बघत चालायचं, पाऊल आवरून टाकायचं. आता त्याला लय सापडलीय. माझ्या काठीचा आवाज आणि त्याच्या काठीचा आवाज एकापाठोपाठ येतो. मी थांबले की तो विचारत नाही का थांबलीस. थांबतो.

साडेआठ

टेकाडानंतर दुसाचं लांबलचक कुरण. इथे चढ जवळपास नाही, आणि सबंध दिवसातली ही सगळ्यात सुखाची चाल. डावीकडे खाली फेरिचेची दरी, नदीचे विखुरलेले ओघ, आणि पलीकडे ताबोचे आणि चोलात्से हे दोन उभे कडे. इथे आम्ही बोलतो. एकेक वाक्य, मध्ये दोन-तीन श्वास. धाकटीच्या कॉलेजचं काय करायचं, सोसायटीची थकबाकी, परवा मिळालेल्या बटाट्याच्या पॅनकेकची चव. पुण्यात एवढा वेळ सलग एकमेकांशी बोलणं कधी होतं, असा विचार आला आणि मी तो बोलूनही दाखवला.

खाली फेरिचेच्या घरांत उंचीच्या आजाराचा दवाखाना ओळखता येतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ साली स्थापन झालेली संस्था हंगामात तो चालवते. डिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी आम्ही मुद्दाम टेकाड ओलांडून तिथलं दुपारचं व्याख्यान ऐकायला गेलो होतो. कुणीही जाऊन बसावं, डॉक्टर तासभर उंचीच्या आजारावर बोलतात. मेंदूला सूज आली तर माणूस सरळ रेषेत चालू शकत नाही. फुप्फुसात पाणी झालं तर बसल्या जागी धाप लागते. दोन्हींत एकच उपाय पहिला: खाली उतरणं, रात्र असली तरी. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करावा. आजचा आमचा मुक्काम त्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे, म्हणून गाईडची वही आज दोनदा नाही तर तीनदा उघडणार.

समोरून याकांचा तांडा येतो. गळ्यातल्या घंटा आधी ऐकू येतात. गाईड ओरडतो, आम्ही डोंगराच्या बाजूला चढून उभे राहतो. दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही, कारण याकच्या पाठीवरचं ओझं दोन्हीकडे बाहेर आलेलं असतं आणि त्याच्या एका धक्क्याने माणूस खाली जाऊ शकतो. नवरा माझ्या सॅकचा पट्टा धरून ठेवतो, शेवटचा याक जाईपर्यंत.

दहा

ठुक्ला, ४६२० मीटर. लाकडी पुलावरून खुंबू हिमनदीचं वितळलेलं राखाडी पाणी ओलांडलं की दोन-तीन लॉज. इथे थांबून लिंबू-मधाचा चहा प्यायचा, चढाची तयारी म्हणून. मी दोघांना एकेक राजगिऱ्याचा लाडू देते, गाईडलाही. त्याला तो आवडतो हे आता ठाऊक झालंय.

भिंतीपाशी पोर्टर टेकलेत. डोकोखाली, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीखाली, टी-आकाराची काठी, टोकमा, लावून उभ्याउभ्याच विसावा घेतात, कारण एवढं ओझं जमिनीवर ठेवलं तर पुन्हा उचलणं अवघड. एकाच्या डोकोत प्लायवुडचे तक्ते, दुसऱ्याच्या बिअरचे खोके आणि नूडल्सची पाकिटं. लॉजचा माल नेणाऱ्यांना वजनावर मजुरी मिळते, म्हणून कित्येक जण स्वतःच्या वजनाइतकं ओझं उचलतात. त्यांच्या पायांतले बूट, अंगावरचं जाकीट पाहिल्यावर आमच्या सॅकमधल्या वस्तूंकडे बघायचं धाडस होत नाही. ट्रेकला येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या पोर्टरचं ओझं वजनकाट्यावर मोजून घ्यावं, त्याच्या विम्याची आणि रात्रीच्या झोपायच्या जागेची चौकशी करावी. एवढं तर आपल्या हातात आहे, आणि ते केल्याशिवाय इथे चालण्याचा हक्क आपल्याला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पावणेअकरा

समोरचा उतार म्हणजे खुंबू हिमनदीने पूर्वी ढकलत आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. त्यावरून नागमोडी वाट वर जाते. चढाई फक्त दोनशे मीटर. सिंहगडाच्या निम्मीही नाही. इथे तिला तासाभराहून जास्त लागतो.

बोलणं बंद. बोलायला लागणारा श्वासही आता चालायला लागतो. पंधरा पावलं आणि थांबा. मग बारा पावलं. ओठ आवळून श्वास जोरात बाहेर फुंकायचा, आत येणाऱ्याची काळजी करायची नाही. वाऱ्यात बारीक धूळ आहे, बफ नाकावर ओढला की श्वास कोंडतो, खाली केला की धूळ. नवरा आणि मी इथे काठीने बोलतो. दोनदा टक्टक् म्हणजे थांब, एकदा म्हणजे चल. हे कुणी शिकवलेलं नाही, वाटेवर कधीतरी सुरू झालं.

अर्ध्यावर एक तरुण जोडपं खाली उतरताना भेटतं. ती मुलगी पोर्टरच्या खांद्यावर हात ठेवून चालतेय, चेहरा सुजलेला. तिच्या नवऱ्याने विचारल्याशिवायच सांगितलं की तिला दोन दिवस डोकं दुखत होतं, पण ती बोलली नाही, ट्रेक बिघडेल म्हणून. तो हे रागाने सांगत नव्हता. त्याचे डोळे भरलेले होते. गाईडने तिला दोन-चार प्रश्न विचारले, पोर्टरशी नेपाळीत बोलला आणि त्यांना थेट फेरिचेच्या दवाखान्यात जायला सांगितलं. पाचशे मीटर खाली गेलं की तिला बरं वाटेल, बहुतेक संध्याकाळपर्यंतच. उतरणं हे औषध इतकं लवकर लागू पडतं.

तिची भीती मला पूर्ण समजते. इतके पैसे, इतकी रजा, इतकी तयारी, आणि सोबतच्याची हौस आपल्यामुळे मोडायची. बायकांना तर हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, दुखलं तरी पंगत उठेपर्यंत बोलायचं नाही. पुरुषांना वेगळ्या वाटेने तेच शिकवलेलं असतं.

बारा

माथ्यावर पोचतो आणि वारा एकदम समोरून लागतो. इथे, सुमारे ४८३० मीटरवर, एव्हरेस्ट आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्यांची स्मारकं आहेत. दगड रचून केलेले चोर्तेन, त्यांवर पाट्या आणि एकातून दुसऱ्याकडे गेलेल्या पताका. अमेरिकन स्कॉट फिशर यांचं स्मारक आहे, १९९६ च्या वादळात गेलेले. बाबू छिरी शेर्पा यांचं मोठं स्मारक आहे. १९९९ साली ते ऑक्सिजनच्या नळकांड्याविना एव्हरेस्टच्या माथ्यावर २१ तास राहिले होते. दहा वेळा शिखर गाठलेला हा माणूस २००१ मध्ये दुसऱ्या कॅम्पजवळ हिमभेगेत पडून गेला.

गाईड टोपी काढतो. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात हिमस्खलन झालं आणि १६ नेपाळी कामगार गेले. ते दुसऱ्यांच्या चढाईसाठी दोर आणि सामान घेऊन निघाले होते. त्यांच्यातला एक जण आपल्या ओळखीचा होता, एवढंच गाईड सांगतो आणि पुढे बोलत नाही.

मराठी माणसाचा एव्हरेस्टशी जुना संबंध आहे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेच्या आठ जणांनी शिखर गाठलं, तेव्हा पुण्यात झालेलं स्वागत आम्हा दोघांना आठवतं. नवरा तेव्हापासूनच म्हणत आला होता, शिखर नाही पण त्याच्या पायथ्यापर्यंत आपण चालत जायचं. इथे उभं राहिल्यावर त्या बातम्यांतल्या ‘मोहीम’ या शब्दामागे किती पाठी, किती दोर आणि किती घरं होती हे समोर दिसतं.

आम्ही थोडा वेळ बसतो. फोटो काढत नाही. काढू नये असं नाही, आज काढावासा वाटला नाही.

दीड

माथ्यापासून लोबुचेपर्यंतची वाट सौम्य आहे, हिमनदीच्या कडेकडेने. समोर पुमोरी, ७१६१ मीटर, पांढरा त्रिकोण. लोबुचे सुमारे ४९०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त. लॉजमध्ये शिरताच आधी कोरडे कपडे, मग कानटोपी, मग जेवण. झोपायचं नाही, हा दुपारचा नियम. झोपेत श्वास मंदावतो आणि उठल्यावर डोकं धरतं.

गावामागच्या दगडी बांधावर चढून हिमनदी बघायला जायचं ठरलं होतं. वर जायचं, थोडा वेळ थांबायचं आणि खाली झोपायला यायचं, शरीराला पुढच्या उंचीची चाहूल द्यायला.

तीन

निघायच्या तयारीत असताना नवरा म्हणतो, “अगं, डोकं दुखायला लागलंय. मागच्या बाजूला.”

मी हातातली काठी खाली ठेवते. तो पुढे सांगतो, जेवताना सुरू झालं, खूप नाही, मळमळ नाही. स्वतःहून, न विचारता सांगितलं. हा माणूस दाढ ठणकत असताना तीन दिवस ऑफिसला जाणारा आहे.

गाईड येतो. वही. ऑक्सिमीटरवर ७९. मग फरशीच्या एका सरळ फटीवरून टाच-अंगठा जोडून चालायला सांगतो. नवरा दहा पावलं जातो, वळतो, परत येतो. तोल जात नाही. जिन्याजवळ बसवून श्वास ऐकतो. बसल्या जागी धाप नाही. मग ठरतं: बांधावर जाणं रद्द, एक लिटर पाणी, पॅरासिटामॉलची एक गोळी, ऊब, आणि सहाला पुन्हा तपासणी. डोकेदुखी गोळीने आणि पाण्याने गेली तर ठीक. वाढली तर आजच, कंदील लावून ठुक्ला. तशीच राहिली तर उद्या वर जायचं नाही.

मी एकटी बांधावर जाऊन यावं असं नवरा सुचवतो. मी जाते, गाईड त्याच्यापाशी थांबतो. दोन-चार मिनिटांच्या चढावर खाली हिमनदी पसरलेली दिसते. पांढरी नाही. दगडांनी झाकलेली, मधूनमधून हिरवट-राखाडी डबकी आणि काळ्या बर्फाचे कडे. पाच मिनिटं थांबून मी परत येते आणि पाहिलं ते त्याला सविस्तर सांगते.

साडेचार

डायनिंग हॉलच्या मधोमध शेगडी पेटते. गोवऱ्यांचा धूर आधी डोळ्यांत जातो, मग ऊब येते. भोवती आपापले ओले मोजे घेऊन सगळे गोळा होतात. कोरियन, जर्मन, एक बंगाली कुटुंब. दुपारीच ढग दरीतून वर आलेत, बाहेर काही दिसत नाही.

वाय-फायचं कार्ड खरवडून घरी फोन. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, इथे पावणेपाच होताहेत म्हणजे तिकडे साडेचार, सासूबाईंची चहाची वेळ. त्या विचारतात, “जेवलात का रे दोघं?” नवरा सांगतो, जेवलो, मजेत आहोत, थंडी आहे. डोक्याचं सांगत नाही आणि मला ते बरोबर वाटतं. इतक्या लांबून त्यांना काही करता येणार नाही, रात्रभर जागतील मात्र.

सहा

डाळ-भात. डाळ आणि भात हवा तितका वाढतात, त्यावर मी डब्यातलं मेतकूट घालते. मांस आम्ही नामचेनंतर बंद केलं. वर प्राणी मारत नाहीत, खालून दिवसेंदिवस पाठीवर येतं. नवरा दोन वाढण्या खातो. हे चांगलं लक्षण. ऑक्सिमीटर ८२. डोकं जवळजवळ थांबलंय, तो ‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम वापरतो.

साडेसात

पुढचा मुक्काम गोरकशेप, ५१६४ मीटर, आणि तिथून बेस कँप. नवरा म्हणतो, “सकाळी डोकं दुखत राहिलं तर मी पोर्टरबरोबर फेरिचेला उतरतो. तू गाईडबरोबर पुढे जा. एकीने तरी बघावं.”

गाईड लगेच म्हणतो, तसं चालणार नाही. गाईड आजारी माणसाबरोबर असतो. मग मी कुणाबरोबर जाणार? शेजारच्या गटाबरोबर जाता येईल, विचारता येईल, तो म्हणतो. निर्णय दिदींचा.

मी नवऱ्याला खरं ते सांगते. मला बेस कँप बघायचाय, खूप बघायचाय. उतरावं लागलं तर वाईट वाटेल आणि ते पुण्यात पोचेपर्यंत वाटत राहील. तरी मी उतरेन, कारण फेरिचेला तुझा आकडा काय आला हे कळल्याशिवाय माझं वर लक्ष लागणार नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये आणि मला वाईट वाटल्याचं लपवायला लावू नये. तो थोडा वेळ शेगडीकडे बघतो आणि म्हणतो, “बरं. मग मीही सकाळी जे असेल तेच सांगणार, तुझ्यासाठी कमी करून नाही.”

गाईड वहीत लिहितो: गजर साडेचारला, नोंद पाचला, दोघं आपापल्या तोंडाने. ठीक असेल तर साडेपाचला गोरकशेपच्या वाटेला, नाहीतर नाश्ता करून खाली. पोर्टरला दोन्ही शक्यता सांगून झाल्यात, त्यामुळे बॅगा तो आमच्या उत्तरानंतरच बांधणार आहे. नवरा बाटल्या घेऊन स्वयंपाकघराकडे जातो, उकळतं पाणी भरून आणायला. झोपण्याआधी अर्धा लिटर अजून प्यायचंय, त्याने आणि मीही.